उभ्या गाडीला काय होतंय?

"गाडी आपण वापरतच नाही, मग ती खराब होईलच कशी?"

जुलैमधल्या एका रात्री पाऊण वाजता, भर पावसात, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. नंतरच्या दोन दिवसांत तेच वाक्य मेसमध्ये, ऑफिसात, डिपार्टमेंटच्या कॉरिडॉरमध्ये निदान दहा जणांच्या तोंडून ऐकलं. खरं सांगायचं तर त्या रात्री मलाही ते पटलं होतं. आज पटत नाही. का पटत नाही, तेवढंच सांगण्यासाठी हा लेख.

झालं असं, की माझ्या रूममेटच्या पोटात संध्याकाळपासून दुखत होतं. मेसच्या भाजीला दोन शिव्या घालून, ओवा खाऊन ती झोपली. बारा वाजून गेल्यावर मात्र उठून बसली. उजवी बाजू दाबून धरलेली, अंग घामाने भिजलेलं, बोलताही येईना. आम्ही धावत जाऊन रेक्टर मॅडमना उठवलं. मॅडमनी एक मिनिट वाया न घालवता ऑफिसातून हॉस्टेलच्या गाडीची चावी काढली.

ही गाडी म्हणजे मागच्या शेडमध्ये कॉलेजच्या बसशेजारी उभी असलेली पांढरी डिझेल व्हॅन. येता-जाता सगळ्यांनी पाहिली असेल, पण चालताना फार कमी जणींनी. मागची सीट काढून तिथे एक जण आडवा झोपू शकेल अशी सोय केलेली आहे आणि काचेवर 'फक्त इमर्जन्सीसाठी' असं लिहिलेलं आहे. आमचं हॉस्टेल हायवेच्या फाट्यापासून दोन किलोमीटर आत. रात्री नऊनंतर रिक्षा नाही. म्हणूनच ही गाडी घेतलेली.

मॅडमनी चावी फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले. कट्-कट्-कट् असा आवाज झाला आणि दिवेही गेले. पुन्हा चावी फिरवली, तर कटसुद्धा नाही.

मग आम्ही आठ जणींनी धक्का मारला. शेडपासून मेसपर्यंत, मेसपासून गेटपर्यंत. चिखलात चपला अडकल्या, गाडीने साधा हुंकारही दिला नाही. कोणीतरी १०८ ला फोन लावला. तिकडून गाडी निघाली, पण अंतर बरंच होतं. तेवढ्यात माझ्या डोक्यात आयडिया आली : शेजारी एवढी मोठी बस उभी आहे, तिच्या बॅटरीवरून वायर जोडून घेतली तर? बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये लेड-अॅसिड बॅटरीच्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते, तेव्हा अधिकारवाणीने मी हे बोलले. मॅडमनी ड्रायव्हरमामांना फोन लावलेलाच होता. मामा बारा किलोमीटरवरच्या गावात राहतात. स्पीकरवर त्यांचा आवाज आला, "बसला हात लावू नका! तिच्यात दोन बॅटऱ्या आहेत, चोवीस व्होल्ट. आपली गाडी बाराची. सगळी वायरिंग जळंल!"

मी गप्प बसले.

शेवटी वॉचमनकाका सायकल काढून फाट्यावर गेले आणि मार्केट यार्डाकडे निघालेला एक भाजीचा टेम्पो थांबवून घेऊन आले. कोथिंबिरीच्या जुड्या बाजूला सारून, ताडपत्रीखाली तिला झोपवली. १०८ ला कळवलं. पहाटे अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. आता ती बरी आहे आणि हा लेख लिहू का म्हणून मी तिला विचारलं, तेव्हा म्हणाली, "लिही. फक्त कोथिंबिरीचं लिहू नकोस." असो.

आता त्या वाक्याकडे येऊ. वापरत नाही, मग खराब कशी?

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी एकमताने गुन्हेगार ठरवला : ड्रायव्हरमामा. 'लक्ष नाही', 'पगार कशाचा घेतात' वगैरे. मीही त्यात होते. सकाळी मामा आले, त्यांनी बोनेट उघडलं आणि एकच वाक्य बोलले, "बॅटरी उतरलीय." मला डिस्चार्ज हा शब्द माहीत होता; उतरली हा शब्द जास्त बरोबर आहे, हे आता कळतंय. डिस्चार्ज म्हटलं की कोणीतरी केल्यासारखं वाटतं. उतरते ती आपली आपण, कोणी काही न करता.

बॅटरी हे पाण्याच्या टाकीसारखं झाकण लावून ठेवायचं भांडं नाही. ते आतल्या आत चालू असलेलं रसायन आहे. १८५९ साली गॅस्टन प्लांटे या फ्रेंच माणसाने शिशाच्या पत्र्यांची आणि सल्फ्युरिक अॅसिडची बॅटरी बनवली. आपल्या गाडीतली बॅटरी मूळात तीच आहे : प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टच्या सहा खोल्या एकामागे एक. सगळ्या तारा काढून ती कपाटात ठेवली तरी ती हळूहळू उतरते. थंडीत कमी, उन्हात जास्त. पत्र्याच्या शेडमधल्या आपल्या एप्रिल-मेबद्दल तर बोलायलाच नको. आणि उतरलेली तशीच पडून राहिली, तर प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे घट्ट बसत जातात. त्यालाच सल्फेशन म्हणतात. असे खडे बसले, की नंतर कितीही चार्ज करा, बॅटरी पूर्वीइतकी भरत नाही.

हे झालं पुस्तकातलं. पण आपल्या गाडीच्या बाबतीत पुस्तकाबाहेरचंही एक कारण निघालं. मामा, आमचे लॅब असिस्टंट सर आणि आम्ही तिघी, अशांनी रविवारी मल्टिमीटर घेऊन तपासणी केली. गाडी बंद, चावी काढलेली, दारं बंद. निगेटिव्ह टर्मिनल सोडवून मीटर सिरीजमध्ये जोडला. (हे करताना मीटर अँपिअरच्या मोठ्या खाचेत लावायचा आणि चुकूनही सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज तरी उडतो नाहीतर मीटर तरी.) रीडिंग आलं ७० मिलिअँपिअर.

बंद गाडी ७० मिलिअँपिअर खातेय! थोडा करंट घड्याळ आणि कंट्रोल युनिटची मेमरी घेते, ते चालायचंच. बाकीचा कोण घेतो म्हणून एकेक फ्यूज काढत गेलो आणि चोर सापडला : जीपीएस ट्रॅकर. म्हणजे गाडी कुठे आहे हे ऑफिसला कळावं म्हणून बसवलेलं यंत्र. गाडी कुठेच जात नव्हती, आणि ती कुठेच गेली नाही हे सांगता सांगता त्या यंत्राने तिची बॅटरी पिऊन टाकली होती.

हिशोब पाचवीच्या मुलालाही जमेल. ०.०७ अँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला १.६८ अँपिअर-अवर. लॉगबुकप्रमाणे गाडी त्या रात्रीच्या २३ दिवस आधी शेवटची चालू झाली होती. २३ दिवसांत गेले साडेअडतीस. बॅटरी कागदावर साठची, पण चार वर्षांची जुनी. म्हणजे प्रत्यक्षात साठपेक्षा बरीच कमी. वर तिचं स्वतःचं उतरणं वेगळंच. डिझेल गाडीचा सेल्फ सुरू होताना शेकडो अँपिअर मागतो. तेवढं द्यायला तिच्यात काय उरणार? डॅशबोर्डचे दिवे लागण्यापुरतं उरलं होतं, म्हणून ते लागले. आणि धक्का? जुन्या मेकॅनिकल पंपाची डिझेल गाडी धक्क्यावर चालू व्हायची. आपल्या गाडीचं इंजेक्शन इलेक्ट्रॉनिक आहे. कंट्रोल युनिटलाच करंट नसेल, तर आठ काय, ऐंशी जणींनी धक्का मारला तरी डिझेल सिलिंडरपर्यंत जाणार नाही.

थोडक्यात काय, तर 'वापरत नाही, मग खराब कशी' याचं उत्तर 'वापरत नाही म्हणूनच' असं आहे. २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं, तेव्हा हा धडा घरोघरी मिळालेला. आमच्या सोसायटीत दोन-अडीच महिन्यांनी लोक खाली उतरले, तर निम्म्या गाड्या नुसत्या कट्-कट् करत होत्या. त्यांना कोणीही हात लावलेला नव्हता. बाबांनी तेव्हा बॅटरीच बदलली, आणि आम्ही सगळे ते विसरून गेलो.

आता मामांची बाजू. लॉगबुक चाळताना मागच्या पानांवर तीन ठिकाणी मामांच्या अक्षरात नोंद सापडली : बॅटरी कमजोर, गाडी आठवड्याला फिरवणे जरूर. तिन्ही नोंदींखाली कोणाची सही नाही. आणि नोटीस बोर्डावर, फीच्या तारखांच्या आड, एक परिपत्रक लावलेलं आहे. इंधनबचतीसाठी हॉस्टेलची गाडी आपत्कालीन प्रसंगाशिवाय चालू करू नये, अशा अर्थाचं. त्यामागेही कारण होतं. पूर्वी म्हणे ही गाडी कोणाकोणाच्या घरगुती कामांना जायची, डिझेलचा हिशोब लागायचा नाही. म्हणून नियम केला. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण गाडी प्रसंगाला उपयोगी पडावी म्हणून केलेल्या नियमानेच ती प्रसंगाला बंद पडली. मामांनी नियम पाळला. आपण मात्र दोष त्यांना दिला. मी त्यांची माफी मागितली आहे. ज्यांनी मागितली नसेल, त्यांनी मागावी.

यावर ऑफिसचा पहिला उपाय आला : नवीन बॅटरी टाका. टाका, जरूर टाका. पण त्याने प्रश्न सुटत नाही. अगदी नवी, काठोकाठ भरलेली साठची बॅटरीसुद्धा याच ७० मिलिअँपिअरवर पस्तीस-छत्तीस दिवसांत रिकामी होईल, आणि सेल्फ मारण्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी जाईल. दिवाळीच्या सुट्टीत नवी बॅटरीही उतरेल.

दुसरा उपाय आला : रोज सकाळी पाच मिनिटं गाडी जागेवर चालू करून ठेवायची. हा उपाय दिसायला फार चांगला. पण जागेवर मंद चालणाऱ्या इंजिनावर डायनामो, म्हणजे आपला अल्टरनेटर, फार थोडा करंट देतो. रस्त्यावर धावताना सरासरी २० अँपिअर मिळाले असं धरलं, तरी दहा मिनिटांत सव्वातीन अँपिअर-अवर भरतात, म्हणजे जेमतेम दोन दिवसांचं खाणं. आठवड्याचं खाणं पावणेबारा. ते भरून काढायला, थोडी घट धरून, आठवड्यातून एकदा निदान पाऊण तास गाडी खरोखर रस्त्यावर चालली पाहिजे. पाऊण तास! यापेक्षा जास्त वेळ आम्ही मेसच्या रांगेत घालवतो.

परदेशात कॅम्पर व्हॅन नावाची चाकांवरची घरं असतात. लोक उन्हाळ्यात दोन-चार आठवडे ती घेऊन फिरतात आणि उरलेलं वर्ष ती अंगणात उभी असतात. त्यांची बॅटरीही अशीच उतरते. म्हणून जाणते मालक गाडी ठेवतानाच निगेटिव्ह टर्मिनल सोडवतात, किंवा साडेतेरा व्होल्टच्या आसपास धरून ठेवणारा मेंटेनन्स चार्जर लावतात, किंवा छतावर छोटं सोलर पॅनल बसवतात. पंखा-दिव्याची बॅटरी वेगळी आणि सेल्फची वेगळी ठेवतात, म्हणजे एक संपली तरी दुसरी शाबूत. मला यातलं यंत्र फार थोर वाटत नाही, त्यामागचा विचार आवडतो. गाडी बहुतेक वेळ उभीच राहणार आहे, हे ते आधीच मान्य करतात आणि मग उभ्या गाडीची काळजी घेतात. आपण मात्र उभी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी असं धरून चालतो.

म्हणून माझं म्हणणं मांडते. प्रिन्सिपल सर, रेक्टर मॅडम आणि ऑफिसने ते मनावर घ्यावं ही विनंती.

एक : ते परिपत्रक काढून टाकावं आणि त्याऐवजी उलटा नियम करावा. ही गाडी दर शनिवारी चाललीच पाहिजे. डिझेल वाया जाईल अशी भीती असेल, तर शनिवारच्या बाजाराचा विचार करा. मेसची भाजी आणायला दर शनिवारी भाड्याचा टेम्पो येतो. ती फेरी आपल्या गाडीने मामांनी करावी. तेवढ्यात इमर्जन्सी आली तर? दिवसाउजेडी इथे चार शिक्षकांच्या गाड्या असतात आणि मामांच्या खिशात मोबाइल असतो. रात्री पाऊण वाजता यातलं काहीच नसतं.

दोन : शेडमध्ये प्लगपॉइंट आहे, तिथे मेंटेनन्स चार्जर बसवावा. तो सुट्टीत लावून ठेवायचा. आणि ट्रॅकर हवाच असेल, तर त्याला इतका भुकेला ठेवू नये. गाडी उभी असताना झोपणारा ट्रॅकर मिळतो.

तीन : शेडच्या भिंतीला एक वही टांगावी. दर शनिवारी, फेरीच्या आधी, बॅटरीचा व्होल्टेज लिहायचा आणि खाली दोन सह्या करायच्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ असेल तर भरलेली, १२.२ असेल तर अर्धी, १२.४ च्या खाली गेली की चार्जर लावायचा. नोंदीखाली सही नसली, की काय होतं ते आपण पाहिलंच.

चार : गाडीत जम्पर केबल, टॉर्च आणि १० नंबरचा पाना कायम असावा. केबल बोटाएवढी जाड घ्यावी. बारीक वायर गरम होते आणि करंट पोचतच नाही. संच काही फार महाग नाही, एखाद्या बर्थडे पार्टीच्या खर्चात येतो. आणि जोडण्याचा क्रम मोठ्या अक्षरांत बोनेटच्या आत चिकटवावा. दोन्ही गाड्या बारा व्होल्टच्याच हव्यात आणि बंद हव्यात. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला. शेवटचा काळा उतरलेल्या बॅटरीला नाही, तर त्याच गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. कारण शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, आणि बॅटरीपाशी हायड्रोजन असू शकतो. चांगली गाडी चालू करून चार-पाच मिनिटं थांबायचं, मग आपली चालू करायची. काढताना बरोबर उलट्या क्रमाने. त्या रात्री हे मला येत नव्हतं. आमच्यापैकी कोणालाच येत नव्हतं.

हे शेवटचं मला जास्त टोचतं. त्या रात्री धक्का मारणाऱ्या आठ जणींमध्ये तीन मेकॅनिकलच्या, दोन इलेक्ट्रिकलच्या. प्लेटवर पेरॉक्साइड कुठे आणि स्पंज लेड कुठे, हे पाठ म्हणून दाखवलं असतं आम्ही. बस चोवीस व्होल्टची असते हे एकीलाही माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते मामा बारा किलोमीटरवर होते, आणि त्यांनी लिहिलेलं आपण वाचलं नव्हतं. मुलींनी हे उद्योग करू नयेत, काही झालं तर जबाबदार कोण, असं एक मत मला ऐकवण्यात आलं. मत मांडणाऱ्यांचा आदर ठेवून मी एवढंच विचारते, की त्या रात्री जबाबदार कोण होतं? अॅसिडला हात लावायचा तर गॉगल घाला, मोजे घाला, सरांच्या देखरेखीखाली करा, सगळं मान्य. पण हातच लावू नका, हे नाही मान्य.

आणि एकदा मागे लागलोच आहोत, तर हॉस्टेलच्या जनरेटरकडेही बघू. त्यालाही चालू व्हायला बॅटरीच लागते, आणि तोही लाइट जाईपर्यंत कोणाला आठवत नाही. जिन्यातल्या अग्निशामक नळकांड्यांवरच्या तारखाही कोणी वाचल्यात का?

मामांनी लॅबमधल्या चार्जरवर बॅटरी भरून आणली आहे. परवाच्या शनिवारी मॅडमच्या तोंडी परवानगीने आम्ही भिंतीला वही टांगली. पहिली नोंद : १२.५. खाली दोन सह्या, एक मामांची, एक माझ्या रूममेटची. टाके निघाले होते, तरी ती हळूहळू चालत शेडपर्यंत आली आणि म्हणाली, "पहिली सही माझीच."

परिपत्रक अजून नोटीस बोर्डावर आहे. फीच्या तारखांची नोटीस जरा बाजूला सारली, की दिसेल. ते निघेपर्यंत गाडी रस्त्यावर नेता येत नाही, तोवर नुसती नोंद आणि चार्जर यावर काम चालू आहे. ज्यांना वाटतं की ते निघावं, त्यांनी शनिवारी सकाळी साडेनऊला शेडपाशी यावं. अर्ज तयार आहे, सह्या हव्यात. येताना कोणाकडे १० नंबरचा पाना असेल तर आणा. गाडीतला अजून यायचाय.